शिक्क्याची शाई

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी, टेक्सासमधल्या अर्विंग इथं, काकांची एक जुनी मेक्सिकन नोट लॅमिनेट झाली. ती त्यांच्या मेहुणीनं केली. काका तेव्हा अंघोळीला गेले होते.

काका माझ्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहतात. निवृत्त इंजिनिअर. मेक्सिकोच्या क्रांतीच्या काळातल्या नोटा ते बरीच वर्षं गोळा करत आले आहेत. त्या काळात ज्याच्या ताब्यात जो मुलूख, तिथं त्याचा हुकूम चालायचा. बँकांनी आधीच काढलेल्या नोटांवर सेनापती आपला रबरी शिक्का मारायचे. शिक्का असेल तर त्या मुलुखात नोट चालणार, नसेल तर नाही. अशा शिक्क्याच्या नोटा आज कमी मिळतात, त्यामुळे बनावटगिरीही तिथंच होते. नोट शंभर टक्के खरी असते आणि शिक्का अलीकडे कुणीतरी गॅरेजमध्ये बसून मारलेला असतो.

हे ओळखायचं कसं ते काकांनी मला दाखवलं होतं. जुनी शाई शतकभरात कागदात मुरलेली असते, नोट उलटी केली की मागे तिची सावली दिसते. नवी शाई वर बसून राहते. भिंगाखाली तिची कड धाग्यांवर अडखळलेली दिसते. मग अतिनील दिवा लावायचा. कधी कधी नवी शाई त्या उजेडात अशी चमकते, की पुढं बघायची गरजच उरत नाही. "घाई करायची नाही," काका म्हणायचे. "बघणाऱ्याला खरी हवी असते, तिथंच तो फसतो." खऱ्या ठरलेल्या नोटा अल्बममध्ये जायच्या. खोट्या बुटांच्या खोक्यात.

एक नोट दोन्हीकडे नव्हती. काकूंनी सॅन अँटोनिओच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून, काकांच्या निवृत्तीला भेट म्हणून, स्वतः निवडून आणलेली. पाच पेसोंची, उजव्या कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का. काकांनी ती कधीच दिव्याखाली धरली नाही. काकू असेपर्यंत ती टेबलाच्या खणात, कागदी पाकिटात होती.

काकू गेल्यावर काकांनी सगळा संग्रह एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यायचं ठरवलं. ग्रंथालयाची अट एकच होती, प्रत्येक नोटेवर बाहेरच्या परीक्षकाचं मत हवं. काकूंची नोट खरी ठरली तर तिच्या शेजारच्या पट्टीवर दात्याच्या जागी काकूंचं नाव येणार होतं. त्यांचं नाव छापून यायला दुसरी कुठलीही जागा नव्हती. नोव्हेंबरमध्ये डॅलसजवळ नाण्या-नोटांचं प्रदर्शन भरणार होतं, तिथं परीक्षक बसणार होता. काकांनी नोट खणातून काढून टेबलावर ठेवली.

मावशी, म्हणजे काकूंची थोरली बहीण, वर्षश्राद्धासाठी नागपूरहून आल्या होत्या. खंडेनवमीला काकू दरवर्षी काकांचं भिंग आणि दिवा पाटावर मांडायच्या. या वेळी मावशींनी मांडलं आणि सोबत नोटही ठेवली. मग त्यांच्या मनात आलं, हळद-कुंकू लागेल, पाणी शिंपडताना भिजेल. काकू रविवारच्या मराठी शाळेत शिकवायच्या. मुळाक्षरांची कार्डं करायला त्यांनी घेतलेलं लॅमिनेशनचं यंत्र कपाटात होतं.

मी आरतीला पोचलो तेव्हा काका ओले केस तसेच ठेवून पाटासमोर उभे होते.

"काहून असे उभे भाऊजी?" मावशी म्हणाल्या. "माझी मॅट्रिकची मार्कशीट अशीच केलेली आहे. अजून कोरी करकरीत. तुम्ही लोक अमेरिकेत राहून साधं कव्हर नाही घालत नोटेला."

"चांगलं केलंत ताई," काका म्हणाले. "आरती सुरू करा."

आरतीनंतर त्यांनी नोट आतल्या खोलीत नेली. मीही गेलो. त्यांनी दिवा लावला. निळसर चमक सगळीकडून आली, कडेच्या नुसत्या प्लॅस्टिकमधूनही. भिंगाखाली शिक्क्याची कड फुगून पसरलेली होती. उष्णतेनं चिकट थर कागदात उतरला होता. काकांनी नोट उलटी केली. मागे जांभळट डाग होता. तो जुना की त्याच सकाळचा, हे मला कळलं नाही. काकांनी सांगितलं नाही.

नोव्हेंबरमध्ये मी त्यांना प्रदर्शनाला ड्राइव्ह करून नेलं. परीक्षकानं नोट हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि परत दिली. नोट बहुधा खरी आहे, तो म्हणाला, शिक्क्याबद्दल काही सांगता येणार नाही. प्लॅस्टिक काढायला गेलं तर कागदाचा वरचा थर निघून येईल आणि शाई त्या थरातच आहे. मत लिहून द्यायला त्यानं नकार दिला. काकांनी त्याचे आभार मानले. परतताना ते वाहतुकीबद्दल बोलले.

मावशींनी दार उघडलं. "काय म्हणाला तुमचा परीक्षक?"

"आता सांगता येत नाही म्हणाला."

"आता म्हणजे?"

काका बूट काढत होते. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "प्लॅस्टिकमुळे, मावशी."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि कात्री घेऊन आल्या. "आणा इकडे. कडेकडेनं कापते. मला येतं."

"राहू द्या, ताई."

"तिची आहे ना ती? मग?"

"म्हणूनच म्हणतो, राहू द्या."

त्या संध्याकाळी मावशी जेवल्या नाहीत. काका जेवले, ताट घासून ठेवलं आणि अल्बम घेऊन बसले.

मावशी डिसेंबरमध्ये परतल्या. विमानतळावर, सुरक्षा तपासणीच्या रांगेआधी, काकांनी खिशातून नोटेचं कागदी पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. मावशींनी ते उघडून पाहिलं आणि पासपोर्टच्या पिशवीत ठेवलं.

जानेवारीत ग्रंथालयाची गाडी आली आणि अल्बम घेऊन गेली. पोच म्हणून आलेल्या यादीत दाता म्हणून काकांचं एकट्याचं नाव आहे.