कांद्याची मुळं सकाळीच कापायची असतात

कांद्याची मुळं सकाळीच कापायची असतात. दुपारी कापली की सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या गप्प बसलेल्या पेशी दिसतात, विभागताना एकही सापडत नाही. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. मी वर्ध्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर आहे. परिचर हा कागदावरचा शब्द. तोंडी मी 'मामा'. प्राचार्यांपासून अकरावीच्या पोरांपर्यंत सगळ्यांचा मामा, आणि मामाला कुणी नाव विचारत नाही.

आमचे जीवशास्त्राचे सर बोलायला गोड. हात मात्र जड. स्लाइड करायला बसले की दोन काचा फोडल्याशिवाय उठायचे नाहीत, म्हणून रुजू झाल्यावर काही वर्षांनी त्यांनी ते काम माझ्याकडे सरकवलं. त्याआधी पेशीविभाजनाचं प्रात्यक्षिक फळ्यावरच उरकायचं. पोरं आदल्या वर्षीच्या जर्नलमधून आकृत्या उतरवायची. कुणाच्या तरी जर्नलवर कधीकाळी शाईचा ठिपका सांडला होता. उतरवता उतरवता तो पेशीचा भाग होऊन बसला. त्याला बाण मिळाला, 'तेलबिंदू' असं नावही मिळालं, आणि सर त्यावर दरवर्षी बरोबरची खूण करायचे.

मी मात्र ते काम मनावर घेतलं. पाण्यानं भरलेल्या ग्लासावर कांदा बसवायचा, तीन-चार दिवसांत मुळं सुटतात. टोकं कापून औषधात टाकायची, मग लाल रंगात भिजवून स्पिरिटच्या दिव्यावर ऊब द्यायची, आणि वर पातळ काच ठेवून टिपकागदातून अंगठ्यानं दाबायचं. जास्त दाबलं तर काच जाते, कमी दाबलं तर पेशी एकमेकींच्या अंगावर चढून बसतात. पहिल्या खेपेला काहीच दिसलं नाही. मग मी वेगवेगळ्या वेळी मुळं कापून पाहिली. आमच्याकडच्या उन्हात सकाळचे साडेसात खरे, हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. तेव्हापासून प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी पवनारहून पहिल्या बसनं येतो.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा प्रयोगशाळेत मी एकटाच होतो. एका पेशीत गुणसूत्रं दोन्ही टोकांकडे ओढली जाता जाता रंगात अडकून राहिली होती. शेजारच्या पेशीत मधोमध नवी भिंत घातली जात होती. मी दहावी नापास माणूस. उभ्या जागी हसलो आणि माझे डोळे भरून आले.

सरांचं पेशी सिद्धांताचं व्याख्यान मला तोंडपाठ आहे, कारण दरवर्षी मी पाठीमागे काचा पुसत ते ऐकतो. एका इंग्रजानं बुचाचा पातळ काप पाहिला, त्यात रिकाम्या खोल्या दिसल्या. खोल्या मेलेल्या होत्या, त्याला फक्त भिंती दिसल्या. पुढे कुणाला आतलं केंद्रक सापडलं. मग एका जर्मनानं सांगितलं, झाडं पेशींची बनलेली असतात. दुसरा म्हणाला, प्राणीही. पण नवी पेशी येते कुठून, यावर दोघांचंही चुकलं. ते बरोबर ओळखलं एका ज्यू डॉक्टरनं. जुनी पेशी दुभंगते, तेव्हाच नवी होते. इथे सरांचा आवाज हमखास जड होतो. प्राध्यापकाची जागा हवी तर धर्म बदल, असं त्याला सुचवलं गेलं. त्यानं बदलला नाही. आणि 'प्रत्येक पेशी पेशीपासूनच' हे वाक्य गाजलं ते दुसऱ्या एका बड्या डॉक्टरच्या नावावर. "केवढा अन्याय!" म्हणत सर टेबलावर हात आपटतात. मी स्पिरिटचा दिवा सावरतो. त्या ज्यू डॉक्टरनं धर्म बदलला नाही. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन बदलला. काच पुसता पुसता मी हा हिशोब बरेचदा करतो, आणि तो जुळत नाही.

एका वर्षी तपासणीला समिती आली. त्यातल्या बाई सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात. "फार सुरेख स्लाइड आहे. कुणी केली?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतंच पाहिलं. विभागातलं जे चांगलं ते सरांचं आणि जे फुटलं ते मामाचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सरांनी."

पुढे दोन वर्षांनी प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली. परिचरातून घेण्याची सोय होती. अट एकच, हा माणूस तांत्रिक काम स्वतः करतो असं लेखी हवं. सहायक झालो असतो तर हजेरीपटावर शिपायांच्या खालून वर आलो असतो. टेबल मिळालं असतं. स्लाइडच्या पेटीवर करणाऱ्याची सही असते, ती माझी असती. मला ती सही हवी होती. सर म्हणाले, "मामा, काळजी करू नका. मी पत्र देतो." त्यांनी खरंच दिलं. 'काचेची भांडी अत्यंत स्वच्छ ठेवतात. स्लाइड तयार करण्यात मदत करतात.'

मी ते पत्र घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"सर, मदत? स्लाइड तं मीच करतो ना."

"मामा, समितीला तुम्हीच सांगितलंत ना, सरांनी केली म्हणून? अहवालात तसंच लिहिलंय. आता मी वेगळं लिहिलं तर मी खोटा पडेन." ते अगदी प्रेमानं बोलत होते.

अहवाल मला कार्यालयात दाखवला. 'स्लाइड विभागप्रमुखांनी स्वतः तयार केल्या आहेत. परिचरानेही तसे सांगितले.' सबंध अहवालात माझा एवढाच उल्लेख. जागा बाहेरून आलेल्या एका मुलाला मिळाली. त्यालाही स्लाइड करता येत नाही.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तवा तोंडाले काय कुलूप लागलं होतं? काऊन बोलले नाई?" सरांवरचा राग मनात होता. तो मी यंदाच्या प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवला.

यंदा मी पहिल्या बसनं आलो नाही. मुळं आदल्या दिवशीच दुपारी दोनला, टळटळीत उन्हात कापली. स्लाइड नेहमीसारखीच नीट केली, रंग चढवला, दाब बरोबर दिला. आत एकही पेशी विभागत नव्हती, हे मी दोनदा पाहून खात्री करून घेतली. मनात म्हटलं, आता सगळ्यांसमोर सरांची फजिती होऊ दे.

दुसऱ्या दिवशी सरांनी डॉक्टरची गोष्ट सांगितली, टेबलावर हात आपटला आणि पोरांना रांगेत उभं केलं. एकेक पोरगा डोळा लावायचा.

"दिसलं?"

"हो सर."

पुढचा. "हो सर." अर्धा वर्ग झाला. दिसत काहीच नव्हतं आणि सगळ्यांना दिसत होतं. माझा राग कुणाच्या लक्षातही येत नव्हता.

मग वडनेरकडची एक मुलगी पुढे आली. बराच वेळ पाहत राहिली. स्लाइड सरकवून परत पाहिलं.

"सर, मले तं एकबी पेशी फुटतानी दिसून नाई राह्यली."

"नीट बघ."

"पाह्यलं सर. सगळ्या सारख्याच हायेत."

वर्ग हसला. सर स्वतः पाहायला वाकले नाहीत. "अगं, आज सकाळी मी स्वतः केलीय ती स्लाइड. विभाजन दिसायलाच हवं. हो ना, मामा?"

मुलीनं वळून माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि मला. तिला एका माणसाची साथ हवी होती.

"हो सर," मी म्हणालो.

ती जागेवर जाऊन बसली. पेन्सिलनं काढलेल्या सारख्यासारख्या पेशी तिनं खोडरबरानं पुसल्या, शेजारणीचं जर्नल ओढलं आणि विभाजनाच्या चारही आकृत्या उतरवून काढल्या. शेवटी बाण काढून लिहिलं, तेलबिंदू.