हिरवळीवरची शिट्टी

तर तो बागेचा रखवालदार. शिट्टी फुंकून आम्हाला हिरवळीवरून हुसकावण्यात त्याची हयात गेली. यंदा उद्यान खात्याने त्याच हिरवळीवर म्हाताऱ्यांचा व्यायामवर्ग काढला आणि त्याच्याच गळ्यात मारला. माणसं जमली नाहीत तर वर्षअखेर वर्ग बंद, असं साहेबांनी बजावलं. पहिल्याच सकाळी त्याने सुरुवातीची शिट्टी मारली आणि आम्ही सगळे सवयीने चपला हातात घेऊन कुंपणाबाहेर पळालो.

"अहो काका, या की परत," म्हणत त्याने एकेकाला हाताला धरून आणलं. तेव्हापासून तो टाळ्याच वाजवतो.

वर्षअखेर साहेब पाहणीला आले, तर हिरवळीवर पाय ठेवायला जागा नाही.

"शिट्टी कुठाय रे तुझी?" त्यांनी विचारलं.

तो म्हणाला, "खिशात आहे, साहेब. तुम्हाला उभं राहायला जागा हवी असेल तर वाजवतो."