साभार म्हटलं की झालं

रविवारची सकाळ म्हणजे जयमाला सापळेच्या वैतागाची वेळ. मोडेम लावला की घरचा फोन बंद, आणि फोन बंद असला की नवरा प्रसाद स्वयंपाकघरातून हमखास विचारणार, "सावंतवाडीहून आईचा फोन येणार होता ना गं?"

"येईल. थांब जरा."

"कसा येईल? लाइनवर तुझी अमेरिका बसलीय."

अमेरिका म्हणजे शौनक गुर्जर. न्यू जर्सीत राहणारा, नाटकवेडा, मनाने चांगला, आणि तरीही जयमालाच्या डोक्याला रोजचा ताप.

जयमाला महाप्याच्या एका रंगाच्या कारखान्यात खरेदी विभागात होती. संध्याकाळी कोपरखैरण्याच्या हौशी नाट्यमंडळात प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर संहिता घेऊन, विसरणाऱ्याला शब्द पुरवायचा. स्टेजवर जायची हौस तिला कधीच नव्हती. "मी तिथे गेले तर यांना शब्द कोण देणार?" असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं. कारखान्याने जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा प्रसादने त्यातला एक घरी आणला आणि जयमालाने 'विंगेतून' नावाचा ईमेल-गट काढला. एकाने पत्र टाकलं की ते सगळ्यांना जायचं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं आणि नाटकांवर भांडायचं. टोरांटो, दुबई, डोंबिवली, सगळीकडून माणसं जमली. गट सांभाळायचं काम अर्थात जयमालाचं.

त्या रविवारी दारात कान्हा भोईर उभा होता. काखेत कागदांचा जाडजूड गठ्ठा, कडेला भोकं असलेला, प्रिंटरमधून निघालेला.

कान्हा तळवलीचा. वडलांची शेती नव्या शहरात गेली. हा वीज मंडळात लागला आणि आपल्या बोलीत एकांकिका लिहू लागला. त्यातली 'उघाडी' त्याने नुकतीच पदरमोड करून छापली होती. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. भरती आली की ते लावायचं, नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं. जमीन गेल्यावरही एक म्हातारी रोज ते दार लावायला जाते, एवढीच गोष्ट. पण जयमालाचं मंडळ ती राज्य नाट्य स्पर्धेत करणार होतं. तालमी सुरू झाल्या होत्या. आपल्या इथलं, आपल्या पायाखालच्या जमिनीचं नाटक करायचं म्हणून मंडळ किती वर्षं संहिता शोधत होतं, ते तिचं तिलाच माहीत.

"या ना, कान्हादादा. चहा टाकते."

"चा नको. आदी ह्ये बगा." त्याने गठ्ठा टेबलावर आपटला. "आमचा भाचा रूपेश हाय ना, महाप्याला कंपनीत, त्यानं काडून आनलं. उघाडी छापाला मना दोन वर्सं लागली. हितं सात वेला छापून आलेय."

जयमालाने पानं उलटली. शौनकने अख्खी एकांकिका, पहिल्या वाक्यापासून पडद्यापर्यंत, टाइप करून गटावर टाकली होती. खाली लिहिलं होतं, 'लेखक कान्हा भोईर. साभार.' पुढच्या पानावर तीच एकांकिका पुन्हा, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बाणाचं टोक, आणि शेवटी कोणाचा तरी एकच शब्द, 'अप्रतिम'. मग तीच तिसऱ्यांदा, शेवटी 'अगदी'. चौथ्यांदा, शेवटी 'मलाही आवडली'.

तिला हे दिसलं कसं नाही? दिसलं होतं. बाणांच्या रांगा बघून ती नेहमीसारखीच चिडली होती, 'उत्तर देताना आख्खं पत्र परत चिकटवू नका' असं शंभरदा सांगून घसा बसला म्हणाली होती, आणि न वाचताच पुढे गेली होती.

"ह्यो मानूस कोन?" कान्हाने विचारलं.

"शौनक. तसा भला आहे हो."

"भला आसंल. पन मना इचारलं का? तुमी प्रयोगाला इचारलंत. चिट्टी मागितलीत, मी सही करून दिली. त्यानं निस्तं साभार लिवलं. आभार कशाचं? मी दिलं कदी?"

प्रसाद चहाचे कप घेऊन आला आणि वातावरण बघून तसाच उभा राहिला.

"ताई, ह्ये थांबवा," कान्हा उठत म्हणाला. "नायतर ती परवानगीची चिट्टी मना परत द्या. तुमच्याच गटावर माजं नाटक फुकट वाटतान आनि तुमच्याच मंडलाला मी प्रयोग देऊ? गावात मना काय बोलतील?"

तो गेल्यावर प्रसाद म्हणाला, "स्पर्धा बोंबलली म्हण की."

"तू चहा पी."

तिने शौनकला पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं. माणूस झोपतो कधी, हा आणखी एक वैताग.

'जयमालाताई, मी चोरी केली असं म्हणता? मी लेखकाचं नाव दिलं, साभार लिहिलं. भारतातून पुस्तक मागवून, दोन शनिवार बसून टाइप केलं. प्रेमापोटी.'

तिने लिहिलं, 'तुमच्या महाराष्ट्र मंडळात नाटक बसवता तेव्हा लेखकाची परवानगी मागता ना?'

'अर्थात. दर वेळी.'

'मग आता का नाही मागितलीत?'

'पण मी प्रयोग कुठे केला? मी फक्त टाइप केलं. आणि चर्चेसाठी उद्धृत केलेलं चालतं. कायदाच आहे तसा.'

'उद्धृत? पडदा पडतो ती कंससूचनासुद्धा उतरवून काढलीत. आणि चर्चा कुठेय? अप्रतिम, अगदी आणि मलाही?'

यावर शौनक रुसला. रुसलेला शौनक जास्त लिहायचा. त्या आठवड्यात जयमालाने सोसायटीतल्या वकिलांना जिन्यात गाठलं. ते म्हणाले, टीका किंवा समीक्षा करताना दुसऱ्याच्या लेखनातलं थोडं घ्यायला कायदा मुभा देतो.

"थोडं म्हणजे किती?"

"ते ओळी मोजून सांगितलेलं नाही. तारतम्य."

"तारतम्य? त्या माणसांना आख्खं पत्र परत चिकटवू नका हे समजत नाही."

"मग सरळ बंदी घाला," वकील म्हणाले आणि भाजीची पिशवी घेऊन वर गेले.

तिने तेच केलं. उघाडी गटाच्या साठ्यातून काढून टाकली आणि फतवा काढला, 'यापुढे कोणाच्याही नाटकातली एकही ओळ इथे टाकायची नाही.' कान्हाला निरोप पाठवला. चिठ्ठी तूर्त मंडळाच्या फाइलीत राहिली.

गटाची मात्र वाट लागली. माणसं लिहू लागली, 'त्या नाटकात ती जे त्याला म्हणते, ते मला फार भिडलं.' त्यावर दुसरं पत्र, 'कोणती ती? आणि कोणाला?' त्यावर तिसरं, 'दुसऱ्या अंकातली. नियमामुळे सांगता येत नाही.' दुबईच्या एका गृहस्थांनी एक संवाद हातवाऱ्यांत वर्णन करून लिहिला. जयमाला ते वाचून कपाळावर हात मारून बसली.

"तुझा गट आहे की मूकनाट्य?" प्रसादने विचारलं.

आणि मग टोरांटोहून स्मिताचं पत्र आलं. स्मिताने उघाडी गटावर होती तेव्हा वाचली होती, घाईघाईत. तिचं म्हणणं असं की या नाटकाने गावच्या माणसांची चेष्टा केली आहे. शेतं जाऊन तिथे इमारती उभ्या राहिल्या तरी म्हातारी दार लावायला जाते, म्हणजे गावकरी वेडे, त्यांना बदल कळत नाही, असंच लेखकाला म्हणायचं आहे. चार जणांनी तिचं अख्खं पत्र परत चिकटवून खाली लिहिलं, 'विचार करण्यासारखं'.

दोन दिवसांनी कान्हा पुन्हा दारात. या वेळी हातात एकच कागद.

"ही बाय मना गावचा वैरी बोलते."

"वाचलं मी."

"मंग तुमी काय लिवलंत?"

"काय लिहू? तसं नाही, एवढंच लिहिता येतं. ती म्हणणार, कशावरून?"

"कशावरून काय? म्हातारी सोता बोलते ना शेवटाला. ते वाक्य घाला तिच्याम्होरं."

"वाक्य टाकायला बंदी आहे."

"कोनी घातली?"

प्रसादने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, पण ते हलत होतं.

"हसू नको," ती वर्तमानपत्राला म्हणाली. मग कान्हाला, "बसा. चहा घ्यावाच लागेल आज."

कान्हा बसला. तिने मोडेम लावला. त्याने खिशातून उघाडीचं पुस्तक काढलं, शेवटचा प्रवेश उघडला आणि बोट ठेवलं. "हितनं घ्या. शिपाई येतो तितनं. पाक पडद्यापत्तुर."

"सगळा प्रवेश?"

"मंग? तिला समजाला नको? आनि नाटक माजं हाय. आता मीच सांगतंय, टाका."

"कान्हादादा, परवा सात वेळा टाकलं म्हणून तुम्ही माझ्या टेबलावर गठ्ठा आपटला होतात."

"तवा मना इचारलं नव्हतं."

"बरोबर. तुम्ही द्याल ते सगळं तुमचंच आहे, देऊ शकता. पण तिला उत्तर द्यायचंय की नाटक वाचून दाखवायचंय?" तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "तुम्ही तालमीला येता. मी विंगेतून काय करते?"

"शब्द देता."

"किती?"

"दोन. लय तं तीन."

"का? संहिता मांडीवर असते माझ्या. सगळाच संवाद म्हणून दाखवला तर?"

"मंग तेंनी करायचं काय? तुमालाच टाल्या." कान्हा थांबला. पुस्तकाकडे बघू लागला. "म्हंजे गाडी अडली तितपुरताच धक्का."

"तेवढाच. पुढचं ज्याचं त्याने बोलायचं. इथे पुढचं मी बोलणार, माझ्या शब्दांत. कुठला शब्द द्यायचा ते तुम्ही सांगा."

त्याने बराच वेळ लावला. एक ओळ दाखवायचा, मग नको म्हणायचा. प्रसादने न बोलता दुसरा चहा आणला. शेवटी कान्हाने बोटाने तीन ओळी झाकून ठेवल्या आणि पाठच म्हणून दाखवल्या, म्हातारीच्या आवाजात.

"शेत नाय राह्यलं, ते मना दिसतंय रं. पन त्या नव्या घरांत पोरं निजतान. पानी तेंना वलखतं काय?"

जयमालाचे हात कीबोर्डवर थांबले. ती स्वतः त्या नव्या घरांतल्या एका घरात बसली होती. तालमीत हे वाक्य तिने कितीदा ऐकलं होतं, पण तेव्हा लक्ष असायचं ते म्हातारी करणारी बाई अडखळते का याच्याकडे.

मग ती टाइप करत गेली. आधी स्मिताचं एकच वाक्य, वेडेपणाचं, बाणासकट. खाली म्हातारीच्या तीन ओळी. त्यांच्याखाली स्वतःचं म्हणणं: म्हातारीला सगळं कळतं, ती दार लावते ते आता आपल्यासाठी, जमीन घेऊन वर राहायला आलेल्यांसाठी. शेवटी लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, कुठे मिळेल ते. आणि गटासाठी नवा नियम: ज्याच्यावर बोलायचंय तेवढंच घ्या, बोलणं तुमचं जास्त असू द्या, घेतलेलं कमी. साभार लिहिल्याने परवानगी मिळत नाही.

"पाटवा," कान्हा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालमीआधी तो उत्तरं बघायला आला. पहिलं शौनकचं. जयमालाचं पत्र त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, नव्या नियमासकट, बाण लावून परत चिकटवलं होतं. तळाशी एकच शब्द, 'पटलं'.

जयमालाने डोळे मिटले. "याचं मी काय करू?"

"आसू द्या," कान्हा म्हणाला. "तीनच ओली हायत माज्या. बाकी सगलं तुमचं चोरलंय."

दुसरं पत्र स्मिताचं होतं. तिला ते अजून पटलं नव्हतं. पोरांसाठी दार लावणारी म्हातारी दाखवून लेखकाने जमीन घेणाऱ्यांना फार स्वस्तात सोडलं, असं आता तिचं म्हणणं होतं. कान्हाने ते दोनदा वाचून घेतलं.

"ह्ये मातर बोलली कायतरी," तो म्हणाला. "आता भांडते ती माज्या नाटकाशी भांडते."

"उत्तर देऊया?"

"देऊ. पन आज नको, वेल जाला." तो चपला घालू लागला. "म्हातारी करनाऱ्या बायला सांगा, वलखतं काय म्हनताना घाई करते ती. मी सोता दाखवतंय आज."

जयमालाने मोडेम बंद केला, संहिता उचलली आणि प्रसादला म्हणाली, "फोन मोकळा आहे. आईला तूच लाव आता."

"आता आई देवळात गेली असेल," प्रसाद म्हणाला.