आक्काच्या सायकलीचा डावा क्रँक

माझी थोरली बहीण सायकल चालवणार असं तिनं स्वतःच जाहीर केलं, तेव्हा घरात कुणी हसलंसुद्धा नाही. आक्काचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. उजव्यापेक्षा आखूड, काडीसारखा, आणि गुडघा अर्ध्यावर येऊन अडतो. चालताना ती डावा हात मांडीवर दाबते आणि पाऊल टाकते. अशा बाईनं चाळिशी ओलांडल्यावर सायकलचं नाव काढावं, याला काय म्हणायचं हे आम्हाला कुणालाच सुचेना. आई तेवढी म्हणाली, आधी जेवून घे.

कारण मात्र साधं होतं. आक्का तिसगावच्या पलीकडच्या एका वस्तीवर अंगणवाडी सांभाळते. घरापासून चारेक किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता पाणंदीचा. लग्न तिनं केलं नाही, नोकरी हाच तिचा संसार. रोज सकाळी वडील, म्हणजे आमचे आण्णा, तिला मोटारसायकलवर मागं बसवून सोडायचे आणि दुपारी आणायचे. यात इतकी वर्षं गेली की गावात त्या दोघांकडे बघून लोक घड्याळ लावत असतील. आणि मग आण्णांच्या डोळ्यांनी दगा दिला. नगरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, आता गाडी चालवायची नाही. आण्णांनी त्यातही घासाघीस केली. दसऱ्यापर्यंत सोडतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा, म्हणाले.

पुढचं बघायला तसा मी होतो, पण मी भिंगारला. तिथल्या लष्करी भांडारात सामान मोजायची नोकरी करतो आणि रविवारी एसटीनं गावी येतो. मी बाजूच्या चाकांची स्कूटर सुचवली. आक्कानं मला पाणंदीत उभं केलं आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या दाखवल्या. मधलं चाक चाकोरीत उतरलं की बाजूची दोन उंचवट्यावर चढणार, म्हणजे गाडी आडवी. एका शिबिरात मिळालेली हातानं फिरवायची तीनचाकी याच कारणानं गोठ्यात पडून होती, तिच्यावर कोंबड्या बसायच्या. त्या बाजूला त्या वेळेला तिला रोज सोबत नेईल असं दुसरं कुणी जातही नाही. आक्कानं सरळ सांगितलं, "सायकल जमली तर ठीक. न्हाई जमली तर राजीनामा देते. रोज कुनाच्या तरी गाडीची वाट बघत पोरांना दारात ताटकळत ठिवनार न्हाई मी."

ती राजीनामा देईल यात मला शंका नव्हती. तिनं बोललेलं फिरवलेलं मी अजून पाहिलेलं नाही, आणि त्याचा त्रास मीच सगळ्यात जास्त भोगलेला आहे.

तोल तिला सांभाळता येत होता, ही जमेची बाजू. लहानपणी ओढ्याच्या उतारावर आण्णांची सायकल ढकलत न्यायची, वर बसायची आणि पायडल न मारता सोडून द्यायची, हा तिचा लाडका उद्योग. खाली बाभळी होत्या. ती किती वेळा बाभळीत गेली आणि मी किती वेळा काटे काढले, ते असो. प्रश्न फक्त पायडलचा होता. नगरच्या दुकानांत तयार सायकली बघितल्या, पण एकही तिच्या मापाची नव्हती. सीट खाली घ्यावी तर उजवा पाय आखडतो, वर घ्यावी तर डावा पोचत नाही. मग ठरलं की सुटे भाग गोळा करायचे आणि घरीच सायकल बांधायची. स्वस्तात, कारण जमेल की नाही याची खात्री नव्हती, आणि महागाची वस्तू फसली असती तर आईनं आम्हाला जन्मभर ऐकवलं असतं.

भिंगारच्या जुन्या बाजारात मी एक लेडीज फ्रेम शोधली. मधला आडवा दांडा नसलेली, म्हणजे पाय उचलून टाकायला नको. रंग उडालेला होता, त्याचं काही नाही, पण जुनी फ्रेम कुठे वाकली तर नाही ना हे बघावं लागतं. मागच्या चाकाच्या खाचेतून दोरा काढायचा, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणायचा, आणि दोन्हीकडचा दोरा सीटखालच्या नळीपासून सारख्याच अंतरावर आहे का ते पाहायचं. बाजारात मी हे करत बसलो तेव्हा लोकांना वाटलं मी फ्रेमला काही बांधतोय. ती सरळ निघाली. एसटीच्या कंडक्टरनं तिचं वेगळं तिकीट फाडलं आणि करंजीचा घाट उतरेपर्यंत माझ्याशी भांडत राहिला.

पुढची माती मी खाल्ली. रिमा जुन्या बाजारातून आणि टायर दुकानातून घेतले. रिमेवर सव्वीस, टायरवर सव्वीस. घरी येऊन बसवायला गेलो तर टायर काही केल्या रिमेवर बसेना. मी घाम गाळला, टायर आणणाऱ्याला म्हणजे स्वतःलाच सोडून सगळ्यांना शिव्या दिल्या. नंतर दुकानदारानं समजावलं की जाड टायरचं सव्वीस वेगळं आणि बारीक टायरचं सव्वीस वेगळं. मी म्हटलं, मग दोन्हीवर सव्वीस कशाला लिहितात? आक्का भाजी निवडत होती. म्हणाली, "माझ्याकडं दोन पोरांचं वय तीनच लिवलेलं हाय. म्हनून एकाचा सदरा दुसऱ्याला बसतो व्हय?"

टायर बदलून आणले. चाकं मात्र आक्कानं स्वतः बांधली. मोबाईलवर बघायची, मग आरे ओवायची, चुकले की उसवायची. शिवणकामाची सवय, त्यामुळे उसवण्याचं तिला काही वाटत नाही. चाक फिरवलं की लटपटायचं, ती खडू धरून बघायची, जिथे खडू लागेल तिथला आरा एक आटा सैल, समोरचा एक आटा घट्ट. एकदा तिनं इतकं घट्ट केलं की चाक अंडाकृती झालं. तिनं शांतपणे सगळे आरे सैल केले आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. मी असतो तर चाक ओढ्यात फेकलं असतं. मला या बाईचं खरंच कौतुक वाटतं, आणि ते तिच्या तोंडावर बोललो तर ती मला भांडी घासायला लावेल म्हणून इथे लिहितो.

सायकल उभी राहिली. आता खरी परीक्षा. बाजारतळाच्या मोकळ्या जागेत आक्का बसली, उजव्या पायानं जोर दिला, आणि डावा पायडल खाली गेला तसा पाय सुटला. पाय खालपर्यंत पोचत नव्हता. मी डाव्या पायडलवर लाकडाचा ठोकळा बसवला. आता पाय पोचला, पण पायडल वर आला की गुडघा वाकेना आणि तो सगळ्या अंगाला उचलून बाजूला फेकू लागला. ती पडली. उठली, परत बसली, परत पडली. ठोकळा काढावा तर खाली पोचत नाही, ठेवावा तर वर येत नाही. शेवटी आम्ही सायकल ढकलत घरी आलो. आण्णा अंगणात होते. त्यांनी कोपरावरचं रक्त पाहिलं की नाही ठाऊक नाही, पण दसऱ्यानंतरही थोडे दिवस सोडेन, असं काहीसं पुटपुटले. ते ऐकून आक्काचा चेहरा जास्तच उतरला.

पुढच्या रविवारी मी आलो तर पडवीच्या भिंतीवर खडूची दोन वर्तुळं. मला वाटलं अंगणवाडीची पोरं आली होती. नव्हती. आक्का भिंतीलगत सतरंजीवर उताणी झोपली होती, हवेत पाय पायडल मारल्यासारखा फिरवला होता, आणि आईनं तिच्या टाचेबरोबर खडू नेऊन भिंतीवर रेघ काढली होती. आधी भिंतीकडच्या पायाची, मग डोकं दुसऱ्या टोकाला करून दुसऱ्याची. उजव्या पायाचं वर्तुळ चांगलं मोठं. डाव्याचं लहान, ताटलीएवढं, पण पूर्ण. कुठेही न तुटलेलं. आक्का त्या लहान वर्तुळावर बोट ठेवून म्हणाली की पाय फिरतोय, फक्त लहान फिरतोय, तेव्हा त्याचा दांडाही लहान पाहिजे.

इतके दिवस आम्ही तिचा पाय सायकलला बसवायला निघालो होतो. ती सायकल पायाला बसवत होती. मला भरून आलं, आणि आईनं भिंत खराब झाल्याची तक्रार सुरू केली म्हणून बरं झालं.

पायडल ज्या दांड्याला असतो त्याला क्रँक म्हणतात. नव्या सायकलींना तो वेगळ्या पद्धतीनं बसवतात, पण आमच्या जुन्या फ्रेमला कॉटरचा क्रँक होता. कॉटर म्हणजे एका बाजूनं तासलेली लोखंडी खुंटी, ती ठोकून क्रँक आसावर पक्का करतात. ठोकली की बसते, उलटी ठोकली की निघते. त्यामुळे एकीकडचा दांडा बदलणं सोपं. लहान मुलांच्या मोडक्या सायकलीचा डावा क्रँक भिंगारच्या भंगारवाल्याकडे मिळाला. दांडा लहान, म्हणून तळाला पायडल पूर्वीइतका खाली जाणार नाही आणि माथ्याला तितका वर येणार नाही, दोन्ही दुखणी एका दांड्यात मिटली. निदान कागदावर तरी.

तो मी घेऊन आलो दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी. अंगणात आईची घाई चाललेली. हत्यारं पूजेला मांडायची होती, आणि ती हातोडी, तो पाना मागत होती. आम्ही कसाबसा क्रँक बसवला. आक्कानं दांडा धरला, मी कॉटर ठोकला, नट बोटानंच फिरवला आणि हत्यारं आईच्या हवाली केली. विळा, खुरपी, कुऱ्हाड, आक्काची कात्री, माझा पाना, पक्कड, हातोडी, सगळी पाटावर मांडून हळदकुंकू आणि झेंडू. सायकललाही हार घातला.

सकाळी आक्का अंगणातच सायकलवर बसली आणि दोन फेऱ्यांत उतरली. पाय पोचत होता, गुडघाही वाकत होता, पण प्रत्येक फेरीला धक्का बसत होता. वाकून बघितलं तर दोन्ही क्रँक एका रेषेत नव्हते. कॉटर दोन बाजूंना परस्परांच्या उलट घालावे लागतात, आम्ही घाईत दोन्ही एकाच अंगानं घातले होते. काम दोन मिनिटांचं. पण हातोडी पाटावर, आणि दसऱ्याला पूजेतलं हत्यार उचलायचं नसतं. शेजारी मागावं तर शेजारची पूजेत. सायकलच्या दुकानातला माणूस स्वतः हार घालून बसलेला. अख्ख्या तिसगावात त्या दिवशी एकही हातोडी मोकळी नव्हती.

"उद्या कर," आई म्हणाली. "आज हात लावायचा न्हाई."

आक्का संध्याकाळी सीमोल्लंघनाला सायकलवर जाणार होती. गावातले पुरुष शिवेपर्यंत जाऊन सोनं म्हणून आपट्याची पानं लुटतात, बायका घरी ओवाळायचं ताट घेऊन थांबतात, ही आमच्याकडची रीत. आक्कानं महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं की या वर्षी शीव मी ओलांडणार, स्वतःच्या पायानं. आणि ते आण्णांनी दिलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी व्हायला हवं होतं, म्हणजे उद्यापासून त्यांना तिची काळजी राहिली नसती.

ती आईशी भांडली नाही. आत गेली आणि वरवंटा घेऊन आली. नट हातानंच सुटला. मग तिनं सायकल आडवी केली, क्रँकखाली दगड लावला आणि वरवंट्यानं कॉटर ठोकायला लागली. पहिला ठोका बसला तशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. दुसऱ्या ठोक्याला वरवंट्याचा टवका उडाला. आई तशीच मागं वळली. देवघरात गेली, पाटासमोर हात जोडले, काय पुटपुटली ते तिला माहीत, आणि हातोडी उचलून आणली. वरचा झेंडू काढून तिनं आपल्या केसांत खोचला, हळद पदरानं पुसली.

"त्यो वरवंटा माझ्या सासूचा हाय," ती म्हणाली. "घे. आन पूजेचीच हाय, नीट ठोक."

संध्याकाळी आण्णा आणि मी चालत पुढे गेलो. आण्णांनी मोटारसायकल घरी ठेवली होती, चावी मात्र सवयीनं खिशात होती. शिवेच्या थोडं अलीकडे, आपट्याच्या झाडांपाशी गर्दी झाली, पानं लुटून झाली, लोक गळाभेटी घेऊन परतायला लागले. ऊन कलतं झालेलं. आण्णा हातात आपट्याची फांदी घेऊन गावाकडं तोंड करून उभे होते. रस्त्यावर लांब एक सायकल दिसली. थोडी डुलत येत होती, पण थांबत नव्हती. हँडलवरचा झेंडूचा हार हलत होता.

आण्णांनी डोळे बारीक केले. "कोन येतोय त्यो सायकलवर?"

"आक्का हाय, आण्णा."

त्यांनी माझा दंड धरला. परत नीट पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तिला अशी म्होरून येताना कदी बघितलीच न्हाई मी. कायम माझ्या पाठीमागं बसलेली असायची."

आक्का जवळ आली. उजवा पाय टेकून थांबली, घामानं भिजलेली. आण्णांनी फांदीची पानं तोडून तिच्या हातात दिली. त्यांच्या पाया पडायला म्हणून ती उतरायला लागली, तर त्यांनी सीटमागच्या कॅरेजवर हात ठेवून तिला थांबवलं.

"उतरू नगं," ते म्हणाले. "शीव अजून म्होरं हाय. जा."

तिनं पानं पदराला बांधली, आणि डावा पाय पायडलवर ठेवून पुढे निघाली.