दोघींचा पासवर्ड

वसई स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला लागले, तेव्हा आम्ही नालासोपाऱ्यात नुकतेच राहायला आलो होतो. क्लासमध्ये शिकवणाऱ्या आम्ही दोघीच. दुसरी पाचूबंदरची, कोळ्याच्या घरातली. मालकांना आम्ही सर म्हणायचो. ते दुपारनंतर यायचे. सकाळी जी आधी पोचेल तिने कुलूप उघडायचं, आणि दोघींनी दाराजवळच्या मशीनवर, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटरवर, आपापली हजेरी टाकायची. वेळ मशीन स्वतःच घ्यायचं.

एक दिवस सरांनी आम्हाला बोलावलं. "या मशीनचं घड्याळ रोज सकाळी मागे असतं. तुमच्यापैकी कोणीतरी उशिरा येतं आणि वेळ मागे करून ठेवतं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

त्या दिवसापासून आमचं बोलणं तुटलं. ती मशीनपाशी गेली की माझं शिकवण्यातलं लक्ष उडायचं. मी माउसला हात लावला की ती विद्यार्थ्यांच्या डोक्यावरून मान उंच करून पाहायची. आम्ही वेळ रोज नीट लावायचो आणि रोज सकाळी घड्याळ मागेच. एकदा मी तिच्या आधी पोचले, तरीही घड्याळ मागे होतं. तेव्हा मला वाटलं, ही आदल्या संध्याकाळीच करून जात असणार.

शेवटी तीच माझ्याकडे आली. चिडली की ती घरच्या बोलीत बोलायची. "मी नाय करत. कोन करतंय ते मला पन बघायचंय."

"मग पासवर्ड घालू," मी म्हटलं. "मशीन सुरू होतानाच विचारेल असा."

"तुला ठाऊक असेल तर उपयोग काय?"

म्हणून आम्ही तो वाटून घेतला. अर्धा तिने टाइप केला तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. अर्धा मी टाइप केला तेव्हा तिने. आता दोघी असल्याशिवाय मशीन सुरूच होणार नव्हतं. संध्याकाळी मनगटावरच्या घड्याळाशी वेळ जुळवली, मशीन बंद केलं आणि बरोबरच बाहेर पडलो.

सकाळी दोघींनी आपापला अर्धा भाग टाकला. घड्याळ मागेच होतं.

ती खुर्चीत बसली. "सरांनी केलं म्हनावं, तर त्यांना पासवर्ड ठाऊक नाय."

त्या दिवशी आम्ही मशीन चालू ठेवलं आणि मधूनमधून वेळ बघत राहिलो. दिवसभरात ते जराही मागे पडलं नाही. म्हणजे जे घडत होतं ते बंद असतानाच. बंद मशीनचं घड्याळ आतल्या बटणासारख्या सेलवर चालतं आणि तो उतरला की मागे पडतं, हे आम्ही दोघी मुलांना शिकवत होतो. स्वतःवर आळ आल्यावर ते कुणालाच आठवलं नव्हतं. मशीन उघडून सेल काढला, घड्याळवाल्याकडून तसलाच नवा आणून बसवला. जुना काढताच त्याच्यावरच टिकलेला पासवर्डही पुसला गेला. पुन्हा घालायचा का, हे दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी वेळ बरोबर होती.

"मला सरळ विचारायचं होतंस ना," ती म्हणाली.

"तू खरं सांगितलं असतंस, तरी मला पटलं नसतं."

"मला पन नसतं पटलं."

दुपारी सरांना जुना सेल दाखवला. त्यांनी तो बोटांत धरून उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हा याच मशीनमधला कशावरून?"