कोऱ्या पेपराची कॉपी

“टीबी आहे,” डॉक्टर म्हणाले आणि मी आधी लेकीला मांडीवरून उतरवून आईकडे दिलं. दोन वर्षांची पोर. दोन महिने मी खोकत होते आणि ती माझ्याच ताटात जेवत होती.

मी जाफराबादजवळच्या शाळेत शिकवते. खडूचा खोकला म्हणून अंगावर काढला. पहिल्या वेळी बेडका मायक्रोस्कोपखाली तपासला, तर काहीच नव्हतं. खोकला हटेना म्हणून जालन्यात पीसीआर केली.

“मंग तवा कसा दिसला न्हाई?” आईने विचारलं.

“जंतू थोडे असले की दिसत नाहीत, मावशी. पीसीआर, म्हणजे पॉलिमरेज चेन रिअॅक्शन, त्यांच्या डीएनएची कॉपी काढते.”

आई शाळेत शिपाई होती. दहावीच्या परीक्षेत खिडकीखालच्या चिठ्ठ्या वेचण्यात तिची नोकरी सरली. ती ताडकन उठली. “कॉपी करून आलेला निकाल म्या मानत न्हाई. तुम्हीच वाढवून राह्यले, मंग सापडणारच की! माझी पोरगी गोळ्या घेणार न्हाई.”

खरं सांगते, मलाही तिचंच खरं ठरावं असं वाटत होतं. भ्यायलेल्या माणसाला कसलाही आधार चालतो.

डॉक्टर चिडले नाहीत. “डीएनए म्हणजे दोन पदरी दोरा. तापवला की पदर सुटतात. गार होताना प्रायमर नावाचे बारीक तुकडे टीबीच्या जंतूच्या ठरलेल्या जागीच चिकटतात. तिथून एन्झाइम नवा पदर जोडतं. एकाचे दोन, दोनाचे चार, तीस फेऱ्यांत अब्जावर. पण जंतूच नसेल तर मशीन कॉपी कशाची काढणार?”

“कोऱ्या पेपराची कॉपी कोरीच येती,” आई म्हणाली आणि खाली बसली. मग रडली.

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. लेकीच्या तपासण्या ठीक आल्या, तिला प्रतिबंधाचं औषध दिलं. काही आठवड्यांत माझ्यापासूनचा धोका सरला, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझी भीती मात्र सरली नाही. सहा महिने मी तिला मांडीवर घेतलं नाही. ती दारातून हात पसरायची आणि मी तोंड फिरवायचे.

तुमचा खोकला दोन आठवडे टिकला, तर माझ्यासारखा अंगावर काढू नका. पहिला रिपोर्ट चांगला आला तरी पुन्हा विचारा.

शेवटच्या तपासणीत एकही जंतू सापडला नाही. आईने कागद दोनदा वाचला.

“कोरा पेपर देऊन पास झाली माझी पोरगी,” ती म्हणाली, आणि तिने माझ्या लेकीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.