राजूरचा गुलाल

देव आहे की नाही, असं मी कॉलेजातल्या मित्रांपुढे बोलत असे. पण माझा थोरला भाऊ, दादा, प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करायला समुद्रापार गेला, आणि औरंगाबादेत रोज संध्याकाळी मी मनातल्या मनात राजूरच्या गणपतीला हाक मारू लागलो. कुणी ऐकतं आहे का, ते कळत नव्हतं.

दादा जालन्याच्या दवाखान्यात जखमा बांधणारा ड्रेसर होता. जाण्याआधी त्याला लस टोचली आणि रोग्यांजवळ घालायचा अंगरखा उतरवण्याचा सराव दिला. डॉक्टर अंगरख्यावर गुलाल टाकायचे आणि बोटाला रंग न लागू देता तो उतरवायला लावायचे. रंग लागला की रोग लागला, असं समजायचं. घरी येऊन त्याने करून दाखवलं, तर अंगठा लाल झाला. मी हसलो. माय हसली नाही. लेक परतला की राजूरचा गुलाल त्याच्या कपाळी लावीन, असा तिने नवस केला.

दादा सुखरूप परतला, पण घरात आला नाही. काही दिवस कुणाला शिवायचं नाही, असा हुकूम होता; म्हणून तो मळ्यातल्या खोपीत राहिला. मीही सुट्टी काढून गावी आलो होतो; भाकरी दगडावर ठेवून मागे सरायचो. माय लांब उभी राहायची, पदराच्या गाठीत गुलालाची पुडी बांधून.

"तिकडं व्हतास तवाच बरं व्हतं," ती एकदा म्हणाली. "आता डोळ्यापुढं दिसून राह्यलास, अन् हाती लागंना."

एका सकाळी तिला राहवेना. गाठ सोडून ती खोपीकडे निघाली. दादा मागे सरत म्हणाला, "माय, तिथंच थांब." ती थांबली नाही. डोळे मिटून मी गणपतीला म्हणालो, आता तूच बघ.

तेवढ्यात बांधावरून हाक आली. एक अनोळखी मेंढपाळ थोडी मेंढरं घेऊन उभा होता.

"अक्का, भोकरदनच्या बाजारातून आणलीत. घरच्या कळपात सोडायच्या आधी काही दिस वायली, येगळी ठेवावी लागतील. इथं त्यांच्याभोवती जाळं लावू का?"

आमच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या मेंढरंच राखलेली. मायने वळून विचारलं, "आजारी हायेत का?"

"न्हाई. पर काय सांगावं? घरची बी आपलीच हायेत ना, अक्का."

मायने त्या मेंढरांकडे पाहिलं, मग खोपीकडे. मग तिने पुडी पुन्हा पदरात बांधली आणि बांधावरच बसली. उरलेले दिवस ती तिथूनच दादाशी बोलत होती.

मेंढपाळाने पलीकडच्या माळावर जाळं लावलं आणि काही दिवसांनी तो त्याच्या वाटेने गेला. नाव विचारायचं राहून गेलं. त्याला कुणी पाठवलं, हे मी आता विचारत नाही. फक्त हात जोडतो. शरण जाणं म्हणजे ओढ संपणं नव्हे. ओढ तशीच ठेवून थांबता येणं, एवढंच मला उमगलं आहे.

मुदत सरली तेव्हा मायने दादाच्या कपाळी गुलाल लावला आणि त्याचे दोन्ही हात धरले. त्याची बोटं लाल झाली. त्याने ती पुसली नाहीत.